कोरी सोडलेली जागा

कागद घरी परत आला तो सकाळी साडेनऊला, ज्या खोक्यातून गेला होता त्याच खोक्यातून, आणि आणणारीही तीच होती. तीन आठवडे तो तिच्या प्रयोगशाळेत होता. तेवढ्या दिवसांत तिच्या बाबांनी तिला रोज एक याप्रमाणे एकवीस फोन केले होते. जेवलीस का, खोकला कसा आहे, खोलीतला पंखा दुरुस्त झाला का. कागदाबद्दल एकही प्रश्न नाही. पण कागदवाल्यांचं घर जुनी पुस्तकं बांधून आणि जीर्ण पानांच्या नकला करून पाच पिढ्या चाललेलं, तिथं सगळे धीराचंच खातात. त्यामुळे तिला त्याचं नवल वाटलं नव्हतं.

आज मात्र बाबा दुकानाच्या दारात येऊन उभे होते. त्र्याहत्तराव्या वर्षीही कमरेला तोच एप्रन, त्यावर वाळलेल्या खळीचे पांढरे ओघळ. आत लांब टेबल पुसून लख्ख केलेलं. एरवी त्यावर कातड्याचे तुकडे, दोऱ्याची रिळं, कात्र्या असा संसार मांडलेला असायचा. आज फक्त एक टीपकागद. काका आधीच येऊन बसले होते, इस्त्रीच्या शर्टात, मांडीवर फाईल घेऊन. खिडकीशी आत्या पुस्तकाच्या घड्या शिवत होती. तिनं मान वर केली नाही. सुई हातात असताना ती कधीच वर बघत नसे.

"आली भिंगवाली," काका म्हणाले. "काय गं, कागद शाबूत आहे ना आमचा? का भिंग लावून लावून भोक पाडलंस?"

काकांनी हे गमतीत म्हटलं होतं. तिनं खोकं अलगद टीपकागदावर ठेवलं.

"बाबा, आधी बसा."

"बसायला सांगतात ती बातमी चांगली नसते," बाबा म्हणाले. ते बेसिनपाशी गेले, हात धुतले, पुसले, परत एकदा पुसले आणि मग बसले. कागदाला हात लावण्याआधी ते नेहमीच असे हात धूत. आज तो अजून खोक्यातच होता.

तिनं झाकण काढलं.

वीतभर रुंद, हातभर लांब, उन्हात राहिलेल्या भिंतीच्या रंगाचा कागद. नदीवर पूल बांधणाऱ्या मजुरांचा हजेरीपट. सव्वीस ओळी. प्रत्येक ओळीत माणसाचं नाव, त्याचं काम आणि चार दिवसांची हजेरी. पंचवीस माणसांशी जगाला काही देणंघेणं नव्हतं. एकोणिसाव्या ओळीतला माणूस मात्र वाटाड्या होता. ज्याच्या शिकवणीवर काही लाख माणसं जगत आली, तो. तो गेल्यावर ऐंशी वर्षांनी लिहिलेला ग्रंथ सांगतो की वाटाड्यानं पुलावर तीन दिवस चुना कालवला, चौथ्या दिवशी फावडं टेकवून ठेवलं, अर्ध्या पुलावरच्या फळ्यांवरून पलीकडे गेला आणि तिथून बोलायला लागला. बाहेरचे विद्वान म्हणायचे, असा कुणी नव्हताच, नंतरच्यांनी रचलेली गोष्ट आहे. त्यावर उत्तर म्हणून ग्रंथाबाहेरची एकच वस्तू होती, आणि ती कागदवाल्यांच्या कपाटात होती.

आज चार वाजता ती वस्तू कपाटातून कायमची जाणार होती. वाटाड्याच्या अनुयायांच्या मंडळानं नवं प्रार्थनाघर बांधलं होतं, त्यात काचेची पेटी तयार होती. काका मंडळाचे चिटणीस. त्यांच्या फाईलमध्ये एक टाईप केलेलं पान होतं: 'सदर हजेरीपट मूळ व अस्सल असून आमच्या घराण्याने तो पिढ्यानपिढ्या जपला आहे.' खाली बाबांच्या सहीची रेघ.

"अठरावी ओळ बघा," तिनं भिंग बाबांच्या हातात दिलं. "मधे जागा सुटलीय. शब्द अर्ध्यावर तुटतो, बोटभर काही नाही, मग पुढच्या शब्दाचा शेपटाकडचा भाग. विसावी ओळ बघा. तिथंही तसंच. दोन्ही जागांच्या कडा जुळवल्या तर गोलसर आकार होतो."

"कसरीचं भोक," बाबा म्हणाले.

"पण कागदाला भोक नाहीये, बाबा."

बाबांनी भिंग खाली ठेवलं. त्यांना आणखी काही समजावून सांगावं लागलं नाही. साठ वर्षं ते हेच काम करत होते. या दुकानाचा पहिला नियम त्यांना अक्षरं यायच्या आधी शिकवला गेला होता: मूळ पानाला जिथं भोक, तिथं नकलेत कोरी जागा. अंदाजानं शब्द भरायचा नाही, अर्धं अक्षर दिसत असेल तर अर्धंच लिहायचं. आपल्याला जे दिसलं नाही ते आपण लिहायचं नाही.

"ही नक्कल आहे," ते म्हणाले. "आपल्याच दुकानातली. पणजोबांचा हात असणार. बघ, जागा कशी सोडलीय." आणि त्यांचा चेहरा उतरण्याऐवजी क्षणभर चक्क खुलला. कारागीर माणूस, आधी काम बघतो. "काय सोडलीय गं!"

"कागद शंभर-सव्वाशे वर्षांचा आहे. पूल त्याच्या किती आधीचा."

"अगं पण मग..." काकांच्या मांडीवरची फाईल घसरली. "नक्कल म्हणजे? मूळ कुठाय?"

"मूळ नसेल. मोडकळीला आलं म्हणूनच नक्कल केली असेल ना, काका."

"थांबा," बाबा म्हणाले. खुललेला चेहरा आता सावकाश मावळत होता. "अठराव्या ओळीत भोक, विसाव्या ओळीत भोक. मग एकोणिसाव्या ओळीत?"

तिनं भिंग त्या ओळीवर सरकवलं. एकोणिसाव्या ओळीत, बरोब्बर दोन्हींच्या मधे, तीन अक्षरांचं ते नाव होतं. बाकीची शाई विटून तपकिरी झाली होती. ती तीन अक्षरं काळी होती. आणि जरा लांब लांब होती, जागा जास्त आणि नाव लहान असल्यासारखी.

आत्यानं दोरा दातानं तोडला.

*

काकांना त्या क्षणी काय वाटलं, हे त्यांना कुणी विचारलं असतं तर त्यांनी दात दाखवला असता. वरचा पुढचा, अर्धा तुटलेला. शाळेत एका पोरानं सगळ्यांसमोर विचारलं होतं, "तुमचा देव कामाला दांडी मारून पळाला होता ना रे?" आणि दुसरा म्हणाला होता, "अरे, मुळात होता तर पळेल!" काका तेव्हा नऊ वर्षांचे आणि अंगानं काडीपैलवान. तरी ते दोघांवर तुटून पडले. अर्धा दात गमावून घरी आले तेव्हा अप्पांनी, त्यांच्या वडिलांनी, एक शब्द न बोलता कपाट उघडलं आणि कागद दाखवला. रिवाजाप्रमाणे नावाच्या ओळीशी काकांनी डोळे मिटले. पण तो आहे, आपल्या कपाटात आहे, एवढ्यानं त्यांची छाती भरून आली होती. त्या छातीवर ते आजवर चालले.

"ही शाई विटलेली नसेल एवढंच," ते म्हणाले. "तेवढ्यापुरती वेगळी बाटली घेतली असेल. पवित्र नाव म्हणून."

"काका, पणजोबांनी कोरी सोडली आणि नंतर कुणीतरी भरली. साठेक वर्षांपूर्वीची शाई आहे."

"कुणीतरी म्हणजे कोण? घरात बाहेरचं कोण येतंय? सरळ सांग ना, अप्पांनी खोटेपणा केला!"

"मी असं म्हटलं का?"

"म्हणजे वाटाड्या नव्हताच, असं तरी म्हण!"

"तेही मी म्हटलं नाही," तिचा आवाज चढला. "ऐका ना जरा. खोटं करणारा माणूस भोक सोडत नाही, काका. तो आधी नाव लिहितो. पणजोबांना माहीत होतं की सगळे याच नावासाठी हा कागद बघणार. तरी त्यांनी सोडली जागा. म्हणजे त्यांच्यासमोर खरंच एक जुना कागद होता आणि त्याला खरंच भोक होतं. पुढचं तर वाचा! 'चुना कालवणारा. तीन दिवस हजर. चौथ्या दिवशी नाही.' हे तर त्यांच्याच शाईत आहे. असा एक माणूस त्या पुलावर होता. हे काय कमी आहे?"

"नाव नसलेला माणूस!"

"हो."

"चुना कालवणारे छप्पन्न असतील. चौथ्या दिवशी एखाद्याचं पोट दुखलं असेल!"

"असेल," ती म्हणाली. "तेही असेल."

काकांनी दोन्ही हात डोक्याला लावले. मग एकदम आवाज खाली आणून, भावाकडे वळून ते म्हणाले, "दादा, हे बघ. आपण चौघं सोडून कुणाला ठाऊक नाही. चार वाजता कागद न्यायला हेडमास्तर येणारेत. ऐंशी वर्षांचा माणूस. आयुष्यभर त्यांनी वर्गात सांगितलंय, आमच्याकडे पुरावा आहे म्हणून. त्यांच्या डोळ्यांदेखत हे..? सही करून टाक. काचेच्या पेटीत कोण भिंग घालतंय?"

"पुढच्या पन्नास वर्षांत एक तरी घालेल," ती म्हणाली. "माझ्यासारखीच कुणीतरी. आणि ती म्हणेल, कागदवाले लबाड होते. मग आख्खा कागदच लबाड. पणजोबाही."

"तू गप गं!"

"तिला कशाला गप करतोस?" खिडकीतून आवाज आला. "गप बसायचं काम या घरात माझं आहे. ती जागा मी भरली."

*

आत्याचं वय एकोणऐंशी. सुई तिनं खाली ठेवली नव्हती. हातात काहीतरी असलं की बोलायला बरं पडतं.

"तुम्हाला आठवतंय का आईचं शेवटचं आजारपण?" ती भावांना म्हणाली. "तू तेरा वर्षांचा, हा आठ. तुम्ही शाळेत जायचात. मी घरात. तिला झोप लागायची नाही, वाचायला जमायचं नाही. एक दिवस म्हणाली, कागद आण, नुसता जवळ ठेव. मी आणला. ती दिवसभर त्याच्याकडे बघत पडून राहायची."

वाटाड्याला मानणाऱ्यांत त्या ओळीवर आलं की डोळे मिटतात, हे कुणाला सांगावं लागत नाही. ते नाव मोठ्यानं घ्यायचं नाही आणि टक लावून बघायचंही नाही. वाचणारा अठराव्या ओळीला थांबतो, सगळे डोळे मिटतात, मग विसावी ओळ. पणजोबांनी कोरी सोडलेली जागा इतकी वर्षं भरलेलीच वाटली ती यामुळे. बघितलंच कुणी नव्हतं. ज्यांनी कपाट उघडलं त्यांनीही नाही, जे दुरून प्रवास करून आले त्यांनीही नाही. पण आजारी माणसाला दिवस मोठा असतो, आणि आई कधीतरी डोळे मिटायचं विसरली.

"मला हाक मारली तिनं," आत्या सांगत होती. "बोट ठेवून म्हणाली, 'इथं काहीच नाहीये गं.' मी बघितलं. खरंच काही नव्हतं. मी म्हटलं, आई, पुसट असेल. ती म्हणाली, 'पुसट नाही. कोरं आहे.' आणि मग भिंतीकडे तोंड करून पडली. दुसऱ्या दिवशी प्रार्थना नाही. औषध पुढं केलं तर म्हणाली, 'कशाला?' बस्स, तेवढंच. कशाला. मी एकोणीस वर्षांची होते रे. मला तिचं ते कशाला ऐकवेना."

तिला ती दुपार आत्ताही बोटात जाणवत होती. अप्पा पुस्तकं पोचवायला गेलेले, दुकानात कुणी नाही. तेव्हा घरात सगळ्यांत देखणं अक्षर तिचं होतं. अप्पा मोठ्या कामाला तिलाच बसवत. हे तिच्या भावांना कधी नीट माहीतच नव्हतं. तिनं बोरू तासला, शाई कालवली, आणि आयुष्यात पहिल्यांदा न दिसलेलं लिहिलं. नाव लहान पडलं. म्हणून तिनं अक्षरं लांबवली.

"संध्याकाळी तिच्यासमोर धरला. म्हटलं, 'बघ, आहे. काल उजेड नव्हता.' तिनं बघितलं. बराच वेळ. मग औषध घेतलं, झोपली. अकरा दिवसांनी गेली, पण शांत गेली. रोज प्रार्थना केली तिनं."

वरच्या मजल्यावर कुणीतरी भांडं ठेवल्याचा आवाज आला.

"अप्पांना कळलं?" बाबांनी विचारलं.

"महिन्याभरानं. त्यांनी कपाट उघडलं, बघितलं, बंद केलं. मला काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी माझ्या जागेवर बोरू नव्हता, सुई होती." तिनं हातातली सुई वर धरून दाखवली आणि हसली, पण ते हसणं काही नीट जमलं नाही. "तेव्हापासून शिवतेय."

*

बाबा उठले आणि पुन्हा बेसिनपाशी गेले. नळ सोडला. हात धुवायला घेतले आणि धूतच राहिले.

त्यांना तो दिवस आठवत होता, फक्त दुसऱ्या बाजूनं. चौदावं नुकतंच लागलं होतं. अप्पांनी त्यांना बोलावून मोठ्या टेबलाशी बसवलं आणि हातात बोरू दिला. "आजपासून तू," म्हणाले. केवढा अभिमान वाटला होता! रस्त्यानं जाताना बोटांवरची शाई लोकांना दिसेल अशी ते हात पुढे धरून चालले होते. आणि ताई खिडकीशी शिवत होती. एकदा त्यांनी विचारलंही होतं, ताई, तू का नाही लिहीत? ती म्हणाली होती, मला सुईच बरी वाटते. त्यांनी ते खरं मानलं. साठ वर्षं खरं मानलं! तिच्या जागेवर बसून त्यांनी नाव कमावलं, लोक लांबून त्यांच्याकडे काम घेऊन आले, 'कागदवाले' म्हटलं की त्यांचा चेहरा लोकांच्या डोळ्यांसमोर येऊ लागला, आणि तीन हातांवर ती मान खाली घालून शिवत होती.

त्यांना रडू आलं. त्यांनी नळ तसाच चालू ठेवला, पण मागं मुलगी येऊन उभी राहिली होती.

"बाबा, मी चूक केली का? नको होतं मी बघायला."

"वेडी आहेस का." त्यांनी नळ बंद केला. "पंचवीस वर्षांपूर्वी तुला मी काय म्हटलं होतं, तू हे शिकायला निघालीस तेव्हा?"

"जे दिसेल ते सांगायचं."

"मग?" त्यांनी टॉवेल घेतला. "फक्त मला वाटलं होतं, मला सोडून बाकीच्यांना सांगशील."

ती रडता रडता हसली. मग त्यांनी विचारलं, जे त्यांना तीन आठवडे विचारायचं होतं ते. "तुला काय वाटतं? तो होता?"

"मला नाही माहीत, बाबा. एक माणूस होता."

"हं," बाबा म्हणाले. मग टॉवेल खुंटीला अडकवून, "मला वाटतं, होता. पण ते माझं मला वाटतं. त्यावर मला सही मागू नये कुणी."

दुपारी जेवताना काका कुणाशीच बोलले नाहीत. पण ताईचं ताट त्यांनीच वाढलं, आणि पाणीही त्यांनीच दिलं. तिनं वर बघितलं तर म्हणाले, "बघतेस काय? जेव." या घरात माफी साधारण अशीच मागतात आणि अशीच देतात.

*

चारला पाच मिनिटं असताना हेडमास्तर आले. काठी टेकत, कोट घालून, बरोबर मंडळाच्या संशोधक बाई. खुर्च्या मांडलेल्या होत्या. काकांनी फाईल उघडली, टाईप केलेलं पान काढलं, आणि ते हातात धरून उभेच राहिले. दादानं सही केली नाही हे त्यांना माहीत होतं. करणार नाही हेही.

"दर्शन घ्यायचं ना आधी?" हेडमास्तर म्हणाले. ते टेबलावर वाकले, अठराव्या ओळीपर्यंत आले आणि सवयीनं डोळे मिटले.

"सर," बाबा म्हणाले, "या वेळी डोळे उघडे ठेवा."

आणि त्यांनी सगळं सांगितलं. भोक, कोरी जागा, पणजोबांचा हात, नंतरची शाई. नाव कुणी भरलं ते सांगताना त्यांनी फक्त 'आमच्या घरात' एवढंच म्हटलं, पण आत्या उठून टेबलापाशी आली आणि म्हणाली, "मी, सर. आई आजारी होती."

हेडमास्तर खाली बसले. त्यांचा चेहरा बघवत नव्हता. संशोधक बाई मात्र वाकून, नाक कागदाला लागेल इतक्या जवळ जाऊन अठरावी ओळ बघत होत्या. "अहो, ही कड," त्या पुटपुटल्या, "ही अर्धी मात्रा... हे तर फार मोठं आहे." पण ते ऐकायच्या मनःस्थितीत तिथं कुणी नव्हतं.

"मग आता," हेडमास्तर शेवटी म्हणाले, "मी पोरांना काय सांगू? आमच्याकडे काय आहे म्हणून सांगू?"

बोलले ते काका. हातातलं पान त्यांनी दोनदा दुमडलं.

"सर, सांगा की आमच्याकडे एक हजेरीपट आहे. त्यात एक चुना कालवणारा आहे. तीन दिवस हजर, चौथ्या दिवशी नाही. आणि सांगा की ज्यानं तो उतरवून घेतला, त्याला ते नाव तोंडपाठ होतं, लिहायची अनिवार इच्छा असणार, तरी दिसलं नाही म्हणून त्यानं ते लिहिलं नाही. असल्या माणसाच्या बाकीच्या ओळींवर माझा तरी विश्वास बसतो बुवा." त्यांनी तुटक्या दातावर बोट ठेवलं. "माझा अर्धा दात गेलाय यात. पण बसतो."

हेडमास्तरांनी त्यांच्याकडे बघितलं. मग ते परत वाकले आणि एकोणिसावी ओळ वाचली, उघड्या डोळ्यांनी, पहिल्यांदा. काळ्या अक्षरांवरून त्यांची नजर पुढं सरकली. चुना कालवणारा. "तीन दिवस," ते हळूच म्हणाले. "हात फुटले असतील त्याचे. चुन्यानं फुटतात."

"पेटीत दोन कागद लावू," बाबा म्हणाले. "हा जसा आहे तसा. खाली लिहा, नाव कधी भरलं ते. आणि शेजारी याची नक्कल, पणजोबांनी सोडली होती तशी, कोरी जागा ठेवून. आज करून देतो. थांबायची तयारी आहे का?"

"दादा, तुझा हात कापतो आता," काका म्हणाले.

"मी कुठं लिहितोय?" बाबांनी खुर्ची मागं ओढली. टेबलाची मधली खुर्ची, साठ वर्षं त्यांची असलेली. "ताई, बस."

"अप्पांनी मला..."

"अप्पा नाहीत. दुकान माझं आहे. बस."

आत्या बसली. तिनं बोरू हातात घेतला, टोक बघितलं, चाकूनं किंचित तासला. भाचीनं दौत पुढं सरकवली. पहिली ओळ जरा अडखळली, दुसऱ्या ओळीत हात सैल झाला आणि तिसरीपासून अक्षरं अशी उतरायला लागली की भिंतीला टेकलेल्या बाबांचे डोळे विस्फारले. साठ वर्षं शिवणारा तो हात काहीच विसरला नव्हता.

उजेड खिडकीतून टेबलाच्या कडेपर्यंत आला तेव्हा ती अठराव्या ओळीला पोचली. शब्द अर्ध्यावर तोडला, जागा सोडली, पुढचा अर्धा लिहिला. मग एकोणिसावी. तिनं बोरू शाईत बुडवला आणि कागदाच्या वर आणून थांबवला. हेडमास्तरांनी डोळे मिटले नाहीत. कुणीच मिटले नाहीत.

"ताई," बाबांनी अगदी हळू विचारलं. "आईनं ते नाव बघितलं तेव्हा ती काही बोलली का?"

तीन अक्षरं लिहायला लागतो तेवढा वेळ आत्याचा हात हवेत तसाच राहिला.

"बोलली ना," ती म्हणाली. "म्हणाली, 'अक्षर छान आलंय हो तुझं.'"

मग तिनं बोरू कोऱ्या जागेच्या पलीकडे टेकवला आणि पुढं लिहायला सुरुवात केली. चुना कालवणारा.